हार्डी जिरॅनियम खानदेशात कधी लावावं? पाकिटावरची तारीख सोडा, गहू पेरायची वेळ धरा

थंडीची चाहूल लागली की जळगाव, धुळे, भुसावळच्या नर्सऱ्यांमध्ये लाल-गुलाबी फुलांच्या जिरॅनियमच्या कुंड्या पुढे मांडल्या जातात. त्याच सुमारास मोबाईलवर ‘हार्डी जिरॅनियम, एकदा लावा आणि वर्षानुवर्षं फुलं घ्या’ अशा जाहिराती फिरत असतात. शिवाय कुणीतरी पाठवलेला ‘जिरॅनियम शेतीतून लाखोंचं उत्पन्न’ हा व्हिडिओ असतोच. तिन्हीकडे नाव एकच, पण झाडं तीन वेगळी.

ऑनलाइन मागवलेल्या पाकिटावर बहुतेकदा मार्च-एप्रिलमध्ये लावायला सांगितलेलं असतं. खानदेशात मार्च-एप्रिलमध्ये लावलेलं जिरॅनियम मे महिना पार करत नाही. मग घरात ‘आपला हातच चांगला नाही’ असं म्हणून कुंडी मागच्या अंगणात जाते. हाताचा यात काही दोष नसतो. ती तारीख दुसऱ्या देशाच्या हवेसाठी काढलेली असते.

नर्सरीतलं जिरॅनियम हे जिरॅनियम नाही

लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींची नावं लावली तेव्हा ही सगळी झाडं ‘जिरॅनियम’ याच नावाखाली टाकली. पुढे १७८९ मध्ये फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञ लेरिटिए यांनी त्यातला एक गट वेगळा काढून त्याला ‘पेलार्गोनियम’ म्हटलं. तोवर बागकाम करणाऱ्यांच्या तोंडी जुनं नाव बसलं होतं, ते काही सुटलं नाही. त्यामुळे आपल्याकडे कुंडीत मिळतं ते पेलार्गोनियम, आणि त्याचं मूळ घर मुख्यतः दक्षिण आफ्रिका. इंग्रजी पुस्तकांतलं ‘हार्डी जिरॅनियम’ म्हणजे खरं जिरॅनियम. ते युरोपातल्या कुरणांत, आपल्या हिमालयात आणि जगातल्या इतर थंड-समशीतोष्ण भागांत वाढतं. दोन्ही एकाच कुळातली, म्हणजे चुलत भावंडं, पण स्वभाव वेगळे.

ओळखायचं कसं? फूल हातात घ्या. खऱ्या जिरॅनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात, बशीसारख्या गोल पसरलेल्या. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींपेक्षा आकाराने किंवा रंगाने वेगळ्या दिसतात. नर्सरीतल्या संकरित वाणांत हा फरक पुसट असतो. अशा वेळी पान बघा. पेलार्गोनियमचं पान जाडसर, गोल, मखमली, बरेचदा मधोमध गडद वलय असलेलं, आणि चुरगाळलं की उग्र वास सोडणारं. खऱ्या जिरॅनियमचं पान पातळ, हाताच्या बोटांसारखं खोल कापलेलं.

सगळ्यात पक्की खूण बीमध्ये असते. दोघांचं फळ पक्ष्याच्या चोचीसारखं लांब, म्हणून तर ग्रीक भाषेतून एकाला सारसाचं आणि दुसऱ्याला करकोच्याचं नाव मिळालं. खऱ्या जिरॅनियमची चोच वाळली की तिच्या पाच पट्ट्या खालून सुटतात आणि झटक्याने वर वळतात. गोफणीतून खडा सुटावा तसं बी लांब उडतं. पेलार्गोनियमचं बी मात्र पिसासारखी शेपटी लावून वाऱ्यावर तरंगत जातं, आणि त्या शेपटीच्या देठाला स्क्रूसारखा पीळ असतो.

‘हार्डी’ म्हणजे थंडीला काटक, उन्हाला नाही

गोंधळाचं मूळ या शब्दात आहे. आपण ‘हार्डी’चा अर्थ काटक, चिवट असा घेतो, म्हणजे बाभळीसारखं काहीही सोसणारं झाड. बागकामाच्या भाषेत या शब्दाचा अर्थ एवढाच की हे झाड कडाक्याची थंडी उघड्यावर काढू शकतं.

अमेरिकेत यासाठी ‘हार्डिनेस झोन’ ठरवलेले आहेत. एखाद्या ठिकाणी वर्षातलं सर्वांत कमी तापमान सरासरी किती असतं, त्यावरून त्या जागेला क्रमांक मिळतो. ‘रोझॅन’ नावाचं एक अतिशय लोकप्रिय निळं हार्डी जिरॅनियम आहे. २००८ मध्ये त्याला अमेरिकेत वर्षातील सर्वोत्तम बहुवर्षायू फुलझाड म्हणून निवडलं गेलं. ते झोन ५ पर्यंत तग धरतं, म्हणजे उणे २३ ते उणे २९ अंश सेल्सिअस. आणि त्याचे दोन्ही पूर्वज आपल्याच हिमालयातले आहेत. पण झोनचा हा आकडा मे महिन्याबद्दल एक अक्षरही सांगत नाही. गोधडी किती जाड आहे हे कळल्यावर ती पांघरून भर दुपारी किती चालता येईल याचा अंदाज बांधावा, तसं ते होईल.

उन्हात नेमकं बिघडतं काय? झाड दिवसा पानांत साखर बनवतं, ही त्याची कमाई. श्वसनासाठी ती रात्रंदिवस खर्च होत राहते. गारवा असला की खर्च कमी असतो, शिल्लक मुळांत आणि कळ्यांत जाते. तापमान वाढलं की खर्च वाढतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात दिवसा पारा ४३-४४ च्या पुढे जातो, आणि रात्रीसुद्धा २५-२६ च्या खाली यायला तयार नसतो. दिवसा पानं पाणी वाचवण्यासाठी आपली छिद्रं मिटून घेतात, म्हणून कमाई बंद. रात्री उकाड्यामुळे खर्च मात्र चालूच. थंड प्रदेशातलं झाड अशा हिशोबात महिना-दीड महिन्यात साठवण संपवून बसतं. वरून पाणी भरपूर घातलं तरी भागत नाही, उलट गरम ओल्या मातीत मुळं कुजतात.

म्हणून आपल्या सपाटीवर खरं हार्डी जिरॅनियम वर्षानुवर्षं टिकेल ही अपेक्षाच ठेवू नये. पेलार्गोनियम त्याहून बरंच सोसतं, कारण त्याच्या मूळ मुलखात कोरडा काळ असतो आणि त्याच्या खोडात पाणी साठवायची थोडी सोय असते. यापुढे ‘जिरॅनियम’ म्हणजे हे कुंडीतलं झाड असं समजावं. खऱ्या हार्डी जातींबद्दल शेवटी येतो.

इंग्लंडमध्ये मार्च का?

इंग्लंडमध्ये हार्डी जिरॅनियम लावायच्या दोन वेळा सांगतात, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. या तारखांच्या मागचा नियम साधा आहे. जमीन मऊ, ओलसर आणि कोमट असताना लावा, म्हणजे कठीण हंगाम यायच्या आत मुळं धरतील. त्यांचा कठीण हंगाम म्हणजे गोठलेली जमीन, डिसेंबर ते फेब्रुवारी.

आपला कठीण हंगाम एप्रिल-मे. त्याच्यामागून दुसरा येतो, जुलै-ऑगस्टची झड, जेव्हा काळ्या मातीत पाणी उभं राहतं. तेव्हा नियम तोच ठेवायचा आणि तारखा आपल्या काढायच्या. केळी उत्पादकाला हे समजावून सांगायची गरजच नाही. रावेर-यावलकडे जूनची मृगबाग आणि ऑक्टोबरच्या आसपासची कांदेबाग असे दोन वेगळे हिशोब पिढ्यानपिढ्या चालतात. कंद तोच, पण कोणत्या वयात झाड कोणत्या हंगामाला सामोरं जाईल यावर सगळं ठरतं.

आपली तारीख: उलटं मोजा

मार्चच्या मध्यापासून दुपारचा पारा ३५-३६ च्या पुढे जायला लागतो आणि जिरॅनियमची फुलं बारीक होतात. नवी पानं कधीकधी फिकट, जवळजवळ पांढरी येतात. हा हंगामाचा शेवट. मुळं धरायला सहा ते आठ आठवडे आणि मनासारखं फुलायला पुढचे अडीच-तीन महिने धरले, तर मार्चमधून मागे मोजत आपण नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतो.

त्याच्याही आधी लावलं तर? दसऱ्याच्या आसपास ऑक्टोबर हीट असते. पाऊस गेलेला, आभाळ स्वच्छ, ऊन पाठ भाजणारं. या दिवसांत रोप नर्सरीच्या हिरव्या जाळीतून थेट गच्चीवर आलं की दोन दिवसांत पानांच्या कडा करपतात.

म्हणून स्वाती नक्षत्र लागल्यापासून, म्हणजे २४ ऑक्टोबरच्या पुढे, २० नोव्हेंबरपर्यंतचे चार आठवडे सर्वांत चांगले. बागायती गव्हाची पेरणी चालते ती हीच वेळ. साक्री-पिंपळनेरच्या उंच भागात गारवा थोडा आधी उतरतो, तिथे आठवडाभर अलीकडे घ्यायला हरकत नाही. भुसावळ-वरणगाव पट्ट्यात दिवाळी लवकर आली असेल तर ती होऊ द्यावी, मगच रोपं आणावीत.

कॅलेंडरपेक्षा थर्मामीटर खरा. साधा काचेचा थर्मामीटर कुंडीत पाच सेंटिमीटर खोल खोचा, दुपारी तीन वाजता बघा. माती ३० च्या खाली आणि रात्रीची हवा १८ च्या खाली, असं सलग पाच-सहा दिवस दिसलं की लावायला घ्या. थर्मामीटर नसेल तर पहाटे पांघरूण ओढावंसं वाटतं का आणि गच्चीवरच्या लोखंडी कठड्यावर सकाळी दव दिसतं का, एवढ्यावरही काम भागतं.

लावताना

कुंडी आठ ते दहा इंचांची पुरे. मोठी कुंडी म्हणजे जास्त माती, जास्त वेळ राहणारी ओल, आणि जिरॅनियम ओलीनेच मरतं. रंग फिका असू द्या. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची पश्चिमेकडची बाजू दुपारनंतर एवढी तापते की त्या बाजूची मुळं भाजून जातात. मातीची कुंडी उत्तम.

शेतातली काळी माती नुसती वापरू नका. ओली झाली की फुगते, वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि दिलेलं पाणी त्या फटीतून खाली निघून जातं. वरून ओली दिसते, गड्डा आत कोरडा राहतो. मिश्रण असं करा: एक भाग पोयटा, एक भाग चांगलं कुजलेलं चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू. घट्ट मूठ वळली आणि बोटाने टोचल्यावर लगेच फुटली, तर मिश्रण जमलं. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवा.

रोप आणल्यावर चार-पाच दिवस फक्त सकाळचं ऊन द्या, मग लावा. पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच खोल. खोड मातीत जास्त गाडलं की तिथून काळं पडायला सुरुवात होते. लावणी संध्याकाळी करा, पाणी एकदा भरपूर द्या. पुढचं पाणी बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच. थंडीत हे अंतर तीन-चार दिवसांचं असतं. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावं, पानांवर नाही, कारण रात्रभर ओल्या राहिलेल्या पाना-फुलांवर करडी बुरशी येते.

खत बेताचं. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. कळ्या दिसू लागल्या की त्याऐवजी १३:०:४५ त्याच प्रमाणात. युरिया नको, नुसता पाला माजतो.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं, हे लक्षात ठेवावं लागतं. कुंडीच्या काठावर पांढरा थर आला आणि नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या, तर क्षार साठलेत आणि झाडाला लोह मिळत नाही. महिन्यातून एकदा कुंडीच्या आकाराच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू ओतून माती धुऊन काढा. साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर फारच छान.

पानांच्या मागे खवल्यांसारखे तपकिरी फोड दिसले की लोक औषध आणायला धावतात. हा रोग नाही. ढगाळ गार हवेत पाणी जास्त झालं की पानातल्या पेशी फुगून फुटतात, त्याचा हा व्रण. पाणी कमी करा. बुंधा मात्र मातीजवळ काळा, ओला आणि मऊ लागला तर ती मूळकूज. ते झाड वाचत नाही. वरचा निरोगी शेंडा कापून त्याचं कटिंग लावा आणि माती फेकून द्या.

‘पण पावसाळ्यात तर काहीही लागतं ना?’

लागतं, आणि झेंडू, गुलाब, जास्वंद यांच्यासाठी ते खरंही आहे. जिरॅनियमसाठी नाही. जून-जुलैमध्ये हवा दमट, माती सतत ओली आणि कोमट, म्हणजे मूळ कुजवणाऱ्या बुरशीला हवं ते सगळं. रोप सुरुवातीला तरारून वाढतं, आणि श्रावणात एका आठवड्यात कोलमडतं. फसवणूक त्या पहिल्या महिन्याच्या हिरवेपणात असते.

‘फेब्रुवारीत स्वस्त मिळतं, तेव्हा घेतलं तर?’

फुललेली कुंडी एक-दीड महिना दारात ठेवायला म्हणून खुशाल घ्या. फक्त ती दुसऱ्या कुंडीत हलवू नका. मुळं दुखावली की सावरायला सहा आठवडे लागतात आणि तोवर उन्हाळा येऊन ठेपतो.

‘बियांपासून केलं तर?’

पेलार्गोनियमचं बी २१ ते २४ अंशांत एक-दोन आठवड्यांत उगवतं, आणि पेरणीपासून फुलापर्यंत साधारण साडेतीन-चार महिने लागतात. म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी, फार तर घटस्थापनेला ट्रेमध्ये कोकोपीट भरून पेरायला हवं, ते उगवेपर्यंत घरातल्या गार कोपऱ्यात ठेवायला हवं, तेव्हा कुठे जानेवारी अखेर फुलं. डिसेंबरात पेरलेलं बी कळीवर येतं तेव्हा होळी आलेली असते.

खऱ्या हार्डी जातींच्या बियांचं कवच टणक. ते कानशीने थोडं घासून, ओल्या वाळूत मिसळून फ्रिजमध्ये चार ते सहा आठवडे ठेवावं लागतं, तेव्हा बियाला थंडी होऊन गेल्याचं कळतं. त्यानंतरही बहुतेक जाती पहिल्या हिवाळ्यात फुलत नाहीत. सपाटीवर हा खटाटोप करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

होळी ते दसरा

होळी पेटली की कुंड्या हलवायच्या. पूर्वेचा व्हरांडा, सकाळी नऊपर्यंतचं ऊन, त्यानंतर सावली. जागा नसेल तर ५० टक्क्यांची शेडनेट, तीही पश्चिमेच्या बाजूने खालपर्यंत सोडलेली. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, फुलं आणि कळ्या खुडून टाका, खत पूर्ण बंद करा. झाड या दिवसांत जगवायचं आहे, फुलवायचं नाही. पाणी पहाटे. दुपारी पानं मान टाकतात तेव्हा जीव कळवळतो आणि हात बादलीकडे जातो, पण तापलेल्या मातीत गार पाणी ओतलं तर मुळं आणखी दुखावतात. संध्याकाळी पानं सावरली तर झाडाला काहीही झालेलं नाही.

जूनपासून कुंड्या छपराखाली ठेवा, पावसाचं पाणी कुंडीत पडता कामा नये. ऑक्टोबरच्या मध्यात फांद्या एक तृतीयांश छाटा, वरची दोन इंच माती बदला.

आणि विमा म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात कटिंग करून ठेवा. फूल नसलेला आठ ते दहा सेंटिमीटरचा शेंडा पेराच्या खाली धारदार ब्लेडने कापा. खालची पानं काढा, देठाच्या बुडाशी असलेली बारीक कागदी पानंही खुडा, ती मातीत गेली की कुजतात. कापलेलं टोक सावलीत दोन-तीन तास सुकू द्या, मग निम्मी वाळू निम्मं कोकोपीट अशा मिश्रणात खोचा. वरून प्लास्टिकची पिशवी घालू नका. गुलाबाच्या कटिंगला ती चालते, जिरॅनियम तिच्यात सडतं. तीन-चार आठवड्यांत मुळं येतात. ही लहान रोपं एका खिडकीत मावतात आणि जुन्या झाडांपेक्षा उन्हाळा बरा काढतात.

शेतीचं जिरॅनियम

व्हिडिओतलं झाड म्हणजे सुगंधी पेलार्गोनियम. त्याच्या पाल्यातून गुलाबासारख्या वासाचं तेल काढतात. निलगिरीच्या सौम्य हवेत ते वर्षानुवर्षं उभं राहतं आणि वर्षात अनेक कापण्या देतं. उत्तर भारताच्या सपाटीवर ते पावसाळ्यात मरतं, म्हणून लखनौच्या सीमॅप या संस्थेने मातृरोपं प्लास्टिकच्या छताखाली सांभाळायची स्वस्त पद्धत काढली. खानदेशची काळी जमीन याच दुसऱ्या गटात मोडते. नोव्हेंबरमध्ये गादीवाफ्यावर, ठिबकवर लावायचं आणि पाऊस यायच्या आत कापणी उरकायची, हेच वेळापत्रक धरा. एक टन हिरव्या पाल्यातून साधारण एक किलो तेल निघतं. तेव्हा रोपांची ऑर्डर द्यायच्या आधी ऊर्ध्वपातनाची भट्टी किती किलोमीटरवर आहे ते विचारा, कारण कापलेला पाला फार दिवस थांबत नाही.

खरं हार्डी जिरॅनियम हवंच असेल तर

सातपुड्यातलं तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे तापीकाठी ४४ असेल तेव्हा वर ३८ च्या आसपास. हेही जास्तच आहे, पण रात्री गार होतात. तिथे घर किंवा शेत असेल तर दोन-तीन रोपांवर प्रयोग करून बघण्यासारखा आहे. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या सुरुवातीला, उतारावर, दुपारी झाडाची सावली पडेल अशा जागी लावा. खाली पाणी साचत नाही ना, ते खड्डा भरून आधी बघा. ओतलेलं पाणी तासाभरात जिरायला हवं.

सातपुड्यात कधीकधी पहाटे दव गोठतं. अशा रात्रीनंतर हार्डी जिरॅनियमची पानं तांबडी पडून झोपतात आणि झाड मेल्यासारखं दिसतं. उपटू नका. बुंध्याजवळची माती बोटाने थोडी बाजूला करा. जमिनीलगत हरभऱ्याएवढे फुगीर डोळे दिसतील, नखाने दाबले तर कडक लागतील. ते असतील तर माती परत सारखी करा, वाळलेली पानं त्यावर तशीच राहू द्या आणि फेब्रुवारी संपेपर्यंत पाणी नावापुरतंच द्या.